डाव्या बाजूचं माप

शिलाईच्या दुकानात चिंध्या साठतात तसे किस्से साठतात. हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या आमच्या शकूमावशीच्या दुकानातले मी वहीत लिहून ठेवते. त्यातले हे माझ्यावरचे.

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला आणि त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. पहिला ब्लाउज शिवायला गेले, तेव्हा मावशीनं दोन्ही बाजूंना टेप लावला. "बराबर बसवलंय. डॉक्टरच्या घरात कोणी टेलर असंल." तेव्हापासून ती माझं डावं-उजवं माप वेगळं, तारीख टाकून लिहू लागली.

*

सात-आठ वर्षांनी, पुतणीच्या लग्नाचा ब्लाउज. मावशीनं टेप दोनदा लावला.

"डावी बाजू वाढून राहिली माय. काहून?"

"वय झालं, मावशी."

"वय काय एकाच बाजूचं होते व्हय?"

*

हिंगोलीत सोनोग्राफी केली. इम्प्लांटभोवती पाणी दिसलं. मोठ्या शहरात पाठवलं. निघताना मावशीनं मापाची वही माझ्या पिशवीत कोंबली.

"सूज कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पंधरा दिवस," आमचे हे म्हणाले.

मी वही पुढं केली. गेल्या दोन ब्लाउजांपासून डावं माप वाढत होतं. बाईंनी पानाचा फोटो काढला.

"कुठल्या सेंटरचं आहे हे?"

"गोरेगावच्या."

*

ते पाणी सुईनं काढून तपासलं. बाईंनी समजावलं, "जुना कॅन्सर परत आलेला नाही. हा लिम्फोमा आहे, वेगळाच कॅन्सर, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा. फार दुर्मिळ. लवकर सापडलाय. इम्प्लांट आणि आवरण दोन्ही काढू. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं."

 आमचे हे म्हणाले, "एवढा दुर्मिळ, तर त्याला आमच्या गावचा पत्ता कोणी दिला?"

बाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा मीही.

*

ऑपरेशन झालं. पुढचा स्कॅन साफ येईपर्यंत नवा ब्लाउज शिवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. कपाटात कापड तसंच पडून होतं.

रिपोर्ट मिळाला त्या दिवशी जीपमधून उतरले ती थेट दुकानात.

"साफ आहे, मावशी."

 मावशीनं चष्मा पुसला, टेप घेतला, डावं-उजवं माप तारखेसह लिहिलं. डाव्या बाजूसाठी कापसाची गादी करते म्हणाली. "पण शिवून टाकणार न्हाई. रोज काढून हात फिरवून बघत जाय."

तेवढ्यात पाटलीणबाई साडी घेऊन आल्या. "शकू, याला फॉल लाव. बाकी काही न्हाई."

मावशीनं गळ्यातला टेप पुन्हा काढला.

"हात वर करा."