वाटून दिलेली माणसं

दोन हजार सालच्या सुमारास पायाची जखम चिघळून मी मालवणच्या इस्पितळात पडले होते. घरचे साताऱ्याला, नोकरीमुळे मी इथे एकटी. झोप येईना आणि जखम सुकेना. "गोव्याला पाठवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या खाटेवर न्यूमोनिया झालेली एक मासे विकणारी बाई होती. दुपारी बाजारातल्या तिच्या मैत्रिणी येत आणि हसून वॉर्ड डोक्यावर घेत. एकदा माझ्याकडे बघून तिनं दोघींना ढकललंच. "तुमी तिच्याकडे बसा गो. तिका हयसर कोण नाय."

मी संकोचले.

"माणसा वाटली म्हणान कमी होनत नाय, बाये," ती म्हणाली.

मग त्या माझ्यासाठीही पेज आणू लागल्या, आपापल्या नवऱ्यांच्या नकला करून दाखवू लागल्या. मी पोटभर जेवू लागले, गाढ झोपू लागले. जखम सुकू लागली तेव्हा डॉक्टर हसले. "औषधं तीच आहेत. पण मन हलकं झालं की शरीरालाही लढायला बळ येतं."

तिला माझ्याआधी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या रिकाम्या खाटेकडे बघत होते, तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या. सगळ्याजणी आल्या होत्या, आणि पुढे तीच.

"सरक गो," ती म्हणाली, "आज आमी सगळ्यो तुज्याच वाट्याक!"