जाळीमागून आलेली हरकत

वस्तीतल्या पोरींना शिवण शिकवणारी शिवणआपा सकाळपासून धास्तावली होती. वस्तीच्या समितीत एक जागा बाईसाठी होती आणि मशिदीचे अध्यक्ष आज जुम्म्याच्या नमाजनंतर तिथे आपली सून बसवणार होते. सून नावाला, कारभार सासऱ्याचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं! म्हणून बायकांनी आपाला गळ घातली, तू उभी राहा. बाई हो म्हणून बसली आणि आता पस्तावत होती.

भीती काही उगाच नव्हती हो. नवरा त्याच मशिदीत अजान देणारा, राहायची खोलीही मशिदीची. अध्यक्षांचं डोकं फिरलं की चंबूगबाळं रस्त्यावर.

तिथली रीत अशी, की खालून अध्यक्ष विचारायचे, "कुणाची हरकत?" वर माडीवर जाळीमागे बसलेल्या बायका गप्प. गप्प म्हणजे कबूल. एक जरी हरकत आली तरी मतं घ्यावी लागत, पण आजवर आली होती कुठे? वर ऐकायला कर्णा होता. बोलायला माइक लावायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"बोल की," शेजारणीने कोपर मारलं. "पैगंबरांनी बायकांचीही बैअत, निष्ठेची शपथ, घेतली, खलिफा उमरना भर मशिदीत एका बाईने अडवलं, हे तूच शिकवतेस ना पोरींना?"

"त्या बाईची खोली मशिदीची नव्हती गं," आपा पुटपुटली.

"कुणाची हरकत?" कर्णा खरखरला.

"आहे! मला उभं राहायचंय!" आवाज पार चिरकला.

खाली सगळ्या माना वर वळल्या. "कुणाच्या घरची?" अध्यक्ष गरजले. आपा जाळीपासून मागे सरकली. अध्यक्षांनी मग तिच्या नवऱ्याला उभं केलं. "तुमच्याच घरातला ना हा आवाज?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. "नाही जी. ओळखीचा नाही."

रोज पहाटे याच आवाजाने उठायचा तो! आपाच्या काळजात चर्र झालं. पण राग नाही आला. माणूस आपल्याइतकाच घाबरलाय, हे तिला जाळीतूनही दिसत होतं.

"यांना काय विचारता?" ती जाळीला तोंड लावून म्हणाली. "मला विचारा. शिवणआपा बोलतेय. मतं घ्या."

अध्यक्षांनी माइक खाली ठेवला आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "खोलीची किल्ली."

नवऱ्याने किल्ली काढली, पण मूठ काही उघडेना. त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"देऊन टाका हो," आपा रडवेल्या आवाजात म्हणाली. "हरकत मागे घेत नाही मी."