सामाईक भिंतीतला खांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं म्हणजे मांजरीपासून दूध लपवणं, तरी हे लपलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता वय झालं म्हणून? ठाऊक नाही. लिहायला बसलोय, एवढं खरं.

मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा देऊळघाटला घर घेतलं. घर कसलं — अर्धं घर. दोन भावांनी मधल्या भिंतीने वाटून घेतलेलं. थोरल्याने आपला भाग मला विकला. पलीकडे धाकटा, नामदेवराव, आणि त्यांची बायको कौसल्याबाई. वांगी, मेथी, मिरच्या लावायचे आणि बुलढाण्याच्या बाजारात न्यायचे. त्यांच्या भागावर मातीचं धाबं होतं — लाकडांवर मातीचा जाड थर, आपल्याकडे असतं तसं. माझ्या भागावर थोरल्याने कधीतरी टिनं टाकली होती. ही टिनं लक्षात असू द्या. पलीकडे काही पडलं तरी माझ्या डोक्यावर काही पडणार नव्हतं.

मला दुरुस्तीचा भारी नाद. स्वतःचं घर झाल्यावर तर विचारूच नका. दाराची कडी मी बसवली, पाटाचा पाय मी जोडला, मोरीचा उतार मी बदलला. त्यानंतर मोरीचं पाणी स्वयंपाकघरात यायला लागलं ते सोडा. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस कसा दिसतो, हे पाहायचं असतं तर त्या वर्षी माझ्या घरी यायचं.

बायकोला भिंतीत फडताळ हवं होतं. सुतार म्हणाला, पेरणी होऊ द्या गुरुजी, सध्या वखर-तिफणीतून डोकं वर निघत नाही. मी म्हटलं, भिंतीला भोक पाडायला सुतार कशाला लागतो?

जाड भिंत एकच होती. मधली. दोघांची.

विचारायला हवं होतं ना? भिंत सामाईक, तिला हात लावायचा तर पलीकडच्याला सांगायचं, हे कुणालाही कळतं. नामदेवराव नाही म्हणाले नसते. पण ते बघायला आले असते, आणि माझं पहार धरणं पाहून हसले असते. तेवढंच मला नको होतं. ते दोघं लग्नासाठी दुसरबीडला गेले, दोन दिवस घराला कुलूप — मी तो मुहूर्त साधला.

हातभर खणल्यावर पहार लाकडावर आपटली. भिंतीच्या पोटात खांब. उभा, काळा पडलेला, मांडीएवढा. माझं लहानपण मलकापूरला टिनाच्या खोल्यांत गेलेलं. मला वाटलं, जुन्या दाराची चौकट असेल, बुजवताना आत राहिली. एवढी दांडगी भिंत उभी असताना खांबाचं काय काम? फडताळाच्या बरोबर मध्ये येत होता तो. मी करवत घेतली आणि मधला दीड हात तुकडा कापून काढला. अर्धा दिवस लागला. बायकोलाही जुनी चौकटच म्हणून सांगितलं. तुकडा सुटला तेव्हा वरून कर्र असा बारीक आवाज आला आणि ओंजळभर माती माझ्या मानेवर पडली. मी मान झटकली. फळ्या ठोकल्या, कडा लिंपल्या, वरून चुना. बायकोने डबे मांडले, शेजारच्या बाया पाहून गेल्या. मी शाळेत फुशारकीसुद्धा मारली — हेही सांगून टाकतो.

मग आठेक दिवसांनी शाळेच्या वाटेवर एक नवं घर उभं राहताना पाहिलं. रोज जाता-येता दिसायचं. आधी खांब रोवले. खांबांवर तुळया चढल्या, तुळयांवर लाकडं, त्यावर धाब्याची माती. आणि भिंती? भिंत एकही नव्हती. चार खांबांवर अख्खं छप्पर उभं, खाली गडीमाणसं विड्या ओढत बसलेली. मी तिथल्या मिस्त्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. "भिंत आडोशाले असते, गुरुजी. वझन समदं खांबावर. भिंत पडली त घर राह्यते, खांब गेला त मंग काहीच नाही."

 मी सायकल धरून तिथेच उभा राहिलो.

त्या दिवसापासून मी भ्यालो, तो आजतागायत. शाळेतून आलो की फडताळासमोर उभा राहायचो. डबे बाजूला करून फळीला कान लावायचो. पलीकडे कौसल्याबाई ज्वारी पाखडत असायच्या, त्याचा आवाज यायचा. फळीवर मातीचा भुगा दिसला की पुसून टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुगा. बायको म्हणायची, एवढं काय त्या फडताळाचं कौतुक!

सांगता आलं असतं. चार पावलांवर दार होतं. "नामदेवराव, माझ्या हातून खांब कापला गेलाय, तुळईला टेका द्या" — एवढंच वाक्य. बाभळीचा एक मजबूत ओंडका आणि दोन माणसं, अर्ध्या दिवसाचं काम. मी ते वाक्य मनात पाठ केलं होतं. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचो आणि पावसापाण्याचं बोलून परत यायचो. कशाला घाबरत होतो? मार बसेल म्हणून? नाही हो. गाव हसेल म्हणून. गुरुजीले खांब समजला नाही, म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी.

मग धाब्यावर माती टाकायचे दिवस आले. पावसाच्या तोंडी जुन्या गढीची पांढरी माती आणून धाब्यावर पसरायची, म्हणजे गळत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टोपल्या द्यायला जायचं, हा रिवाज. मीही गेलो. न जाऊन कसं चालेल? मी शिडीवर उभा राहून टोपल्या वर दिल्या. माझ्या हातांनी दिल्या. प्रत्येक टोपलीला कान भिंतीकडे. शेवटी न राहवून म्हणालो, "नामदेवराव, बस करा आता. वझन होईन." ते वरून हसले. "गुरुजी, माती कमी पडली त धाबं गयते. जास्त झाली त काय बिघडते?" लोकही हसले. मीसुद्धा हसलो.

श्रावणात झड लागली. चार दिवस पाऊस थांबला नाही, धाब्याने पाणी पिऊन घेतलं. पाचव्या दिवशी दुपारी मी वर्गात पाढे घेत होतो. कुणीतरी ओरडत आलं — नामदेवचं धाबं बसलं.

मी धावलो. सगळ्यांच्या पुढे होतो. लोक नंतर म्हणाले, गुरुजी कसे धावले पाहा!

तुळई मधल्या भिंतीच्या बाजूने खाली आली होती, भिंतीचा वरचा भाग घेऊन. मातीच्या ढिगाखालून कौसल्याबाईंचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. नामदेवराव मळ्यातून अजून पोचायचे होते, माझी बायको माणसं बोलवायला पळाली होती. आणि ढिगाच्या कडेला, अगदी वर, खांबाचा भिंतीत वर राहिलेला तुकडा पडला होता. त्याचं करवतीने कापलेलं तोंड सपाट, माझ्याकडे वळलेलं.

मी आधी तो तुकडा उचलला.

कळलं ना तुम्हाला? त्या ओरडत होत्या आणि मी आधी लाकूड उचललं. माझ्या दारातून आत नेलं, सरपणाच्या मागे ढकललं. परत येऊन मग माती उपसायला लागलो. किती वेळ गेला असेल? पाढ्यातली एक ओळ म्हणायला लागतो, त्याहून थोडा जास्त. पण त्यांचा तो आवाज मी पाठ करून घरात गेलो आणि पाठ करून बाहेर आलो, तो अजून तसाच आहे.

कौसल्याबाई वाचल्या. बैलगाडीने बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, दोन महिने तिथे होत्या. डावा पाय कमरेपासून कायमचा गेला. मळा सुटला, बाजार सुटला. घरात सरपटत फिरायच्या. नामदेवराव चूल पेटवायला शिकले, भाकरी थापायला शिकले. गावाने निकाल लावून टाकला होता: माती जास्त झाली. गुरुजींनी शिडीवरून सांगितलं होतं, नामदेवने ऐकलं नाही. माझ्या भित्र्या तोंडातून निघालेलं ते अर्धं वाक्य — त्याचा पुरावा झाला. त्यांच्याविरुद्ध. कौसल्याबाईंचे भाऊ येऊन नामदेवरावांना ओट्यावर, सगळ्यांसमोर, नाही नाही ते बोलून गेले. मी तिथेच बसलो होतो. मला नामदेवरावांनी चहा दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली. सामान गाडीत चढवत होतो तेव्हा नामदेवराव आले. उघड्या अंगानेच आले होते, हाताला पीठ लागलेलं. मला बाजूला घेतलं आणि खाली पाहत म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकेल माणूस. खोटं नाही बोलनार. तुमी मले मना केलं होतं. म्या आयकलं असतं त ती आज चालत असती ना?"

आसपास कुणी नव्हतं. गाव हसायला नव्हतं, बायको घरात होती. मी निघालोच होतो. दोन तासांनी मी त्या गावात नसणार होतो. त्या माणसाला त्याचं उरलेलं आयुष्य परत द्यायला एक शब्द पुरला असता — "नाही."

मी म्हणालो, "हाव, नामदेवराव. चालत असती."

त्यांनी पिठाचे हात जोडले, खरं सांगितलं म्हणून. मी ते जोडू दिले.