साहेबाची पेनल्टी

पाय पुढे आला. काळा, कोरा करकरीत बूट. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. आणि सुटलेली लेस.

"गोलकीपर, इकडे ये. ही बांध जरा."

हा आमच्या कारखान्याचा मोठा साहेब, जनरल मॅनेजर. त्याला मी इथे अरे-तुरे करणार आहे. तेव्हा करता आलं नाही, म्हणून आता करतो. कंपनी डे होता, सातपूरला कारखान्यामागच्या मैदानात ऑफिसर विरुद्ध कामगार अशी मॅच चालू होती आणि तो पेनल्टी मारायला उभा होता. मी कामगारांचा गोलकीपर. त्याच्या बाजूचे दहा ऑफिसर मोकळे उभे होते. रेफरी मोकळा होता. त्याला स्वतःलाही दोन हात होते, पण मध्ये पोट येत होतं.

मी गोल सोडून त्याच्यापर्यंत चालत गेलो. गुडघा टेकला. त्याने बूट उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी लेस बांधली, दुहेरी गाठ मारली आणि घट्ट बसली का ते बोटाने ओढून बघितलं. ते ओढून बघणं मला अजून डाचतं. तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने पाय हलवून बघितला. म्हणाला, "छान बांधतो रे. घरचं शिक्षण दिसतंय."

ऑफिसर हसले. खुर्च्यांवर बसलेल्या त्यांच्या बायका हसल्या. त्यांना इतक्या लांबून ऐकूही गेलं नसेल, तरी हसल्या. मग मी परत जाऊन गोलमध्ये उभा राहिलो. त्याने बॉल डावीकडे मारला, मी उजवीकडे उडी टाकली. गोल. बँड वाजला. चेअरमनच्या बायकोने त्याच्या गळ्यात हार घातला.

मैदानाच्या एका बाजूला दोरी बांधली होती. दोरीपलीकडे कामगारांच्या घरची माणसं जमिनीवर बसलेली. त्यांत माझी आई होती. मांडीवर कंपनीने दिलेलं बुंदीच्या लाडवांचं पुडकं.

घरचं शिक्षण. माझा बाप देवळाली कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे बूट काढायला-घालायला होता. गोरा गेल्यावर त्याच बंगल्यात देशी साहेब आला, बाप तिथेच राहिला. पाय बदलले, काम तेच. आमच्या मोठ्या साहेबाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने फक्त माझं आडनाव वाचलं होतं. तेवढ्यावर त्याचा नेम अचूक बसला. बॉलवर मात्र कधी बसला नाही.

फुटबॉल मी कॅम्पातच शिकलो. जवानांच्या मॅचेस बघून. गोलकीपर झालो, कारण अनवाणी माणसाला दुसरी जागा परवडत नाही. समोरच्यांच्या बुटांत पाय घालण्यापेक्षा हात घातलेले बरे. आणीबाणी उठली त्या सुमाराला सातपूरच्या या कारखान्याने टीम काढली आणि मला घेतलं. खेळायला घेतलं, कागदावर हेल्पर लिहिलं. सकाळी सहा ते आठ प्रॅक्टिस, मग दिवसभर लोखंडी पार्ट उचलायचे. भुसावळ, मनमाड, मालेगाव, जिथे टुर्नामेंट असेल तिथे एसटीने जायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, खेळायचं, परत येऊन पाळीला लागायचं. आम्ही शिल्डा आणल्या. त्या साहेबाच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात गेल्या. तिथला शिपाई सांगायचा, पाहुणे आले की साहेब कपाटाकडे हात करून म्हणतो, "आमची टीम." त्या केबिनमध्ये आमच्यातला एकही कधी गेला नव्हता.

मी टेंपररी होतो. दर काही महिन्यांनी ब्रेक मिळायचा. ब्रेक म्हणजे घरी बसायचं, नाव कमी. म्हणजे मग कायम करायची पाळी कंपनीवर येत नाही. टुर्नामेंट जवळ आली की नाव पुन्हा चढायचं. आमचा कॅप्टन जोसेफ, नाशिकरोडचा फिटर, कायम झालेला, तो सायकल मारत देवळालीला बोलवायला यायचा. एकदा मालेगावला खेळताना माझं बोट निखळलं. परत आलो तर तोवर ब्रेक लागला होता. कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर रजिस्टर बघून म्हणाला, "तुमचं नाव नाही." बोट माझ्या हाताला लोंबत होतं आणि तो नाव शोधत होता.

पाच वर्षं हे चाललं. दर वर्षी ऐकवायचे, पुढच्या कंपनी डेनंतर तुझं बघू.

आणि कंपनी डेची ही मॅच. हिचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. भुसावळात शिल्ड मारणारी आमची टीम त्या दिवशी पोटं सुटलेल्या ऑफिसरांकडून हरायची. संपायला दहा मिनिटं राहिली की रेफरी, म्हणजे आमचा वेलफेअर ऑफिसर, शिट्टी फुंकायचा. पेनल्टी. का, ते विचारायचं नाही. एकदा तर बॉल कोपऱ्यात एकटा पडला होता तेव्हा शिट्टी झाली. मग मोठा साहेब पुढे यायचा आणि गोलकीपर उलट्या बाजूला पडायचा. आम्ही याला आहेर म्हणायचो. "आहेर द्यायला विसरू नको," जोसेफ मॅचच्या आधी आठवण करायचा. हसायचो आम्ही. हसलं की वाटायचं, आपणच त्याला खेळवतोय.

बँडवाल्यांना वेगळा हुकूम होता. एका वर्षी भद्रकालीतला बँड गोल झाल्यावर जरा उशिरा वाजला, तर साहेबाचं तोंड उतरलं. तेव्हापासून ठरलं, साहेबाचा पाय बॉलला लागला की सुरू करायचं. गोलची वाट बघायची नाही. बघायचं काय त्यात?

लेस बांधली त्या दिवशी आम्ही एसटीने घरी निघालो. नाशिकरोड आलं. मग आई म्हणाली, "तू वाकला तवा तुझा बाप दिसला मला."

मी म्हणालो, "आई, कायम व्हायचंय मला."

"आन् कायम झाल्यावर नाय वाकावं लागनार?"

लाडवांचं पुडकं तिने उतरताना सीटवरच ठेवलं. कंडक्टरने हाक मारली, "आजी, पुडकं राहिलं." तिने मागे बघितलं नाही. मला लाज वाटली. साहेबाची नाही, माझी.

वर्ष गेलं. पुढच्या कंपनी डेच्या आदल्या दिवशी पर्सोनेल ऑफिसरने मला बोलावलं. गोड बोलणारा माणूस. टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. माझं नाव, पुढे कायम. फक्त सही बाकी. "सोमवारी साहेब सही करतील," तो म्हणाला. "उद्या मजेत खेळा." मी कागद दोनदा वाचला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. रस्त्याने चालताना मी मनात घराला सिमेंटची जमीन करून टाकली.

मॅचच्या दिवशी सगळं नेहमीसारखं. खुर्च्या, दोरी, बँड, हार. दहा मिनिटं राहिली. शिट्टी. मोठा साहेब ढेंगा टाकत आला. या वेळी लेस बांधलेली होती. तरी त्याने पाय किंचित पुढे केला, बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला. बस. एवढंच केलं त्याने. आदल्या वर्षीची त्याला आठवण होती, आणि ती त्याला गोड लागत होती.

मी दोरीपलीकडे बघितलं. आई आली नव्हती. मी येतेस का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "काय बघायला येऊ?"

साहेब धावला. चार पावलं धावायला त्याला धाप लागली. बॉल डावीकडे आला, दर वर्षी यायचा तसाच, एखाद्या लहान पोराने लोटावा तसा हळू. मी डावीकडे गेलो. उडीसुद्धा मारावी लागली नाही. वाकलो आणि उचलला.

आणि बँड वाजायला लागला. पाय बॉलला लागला होता ना! ढोल, ताशा, पिपाण्या, सगळं जोरात. चेअरमनची बायको हार घेऊन निघाली. ऑफिसर टाळ्या वाजवू लागले. साहेबाने सवयीने मान खाली घातली. आणि बॉल माझ्या छातीशी. त्या सगळ्यांना बघायची गरजच कधी पडली नव्हती. बाई अर्ध्यात थबकली. हार हातात तसाच. एकेक वाद्य बंद पडत गेलं. ताशेवाला सगळ्यात शेवटी थांबला. साहेबाची मान अजून खालीच होती.

रेफरी धावत आला. "तू आधी हललास. परत घ्या."

जोसेफ माझ्याजवळ आला. तोंड पांढरं पडलेलं. "जाऊ दे यार. ऑर्डर टाइप झालीय तुझी. एकदा पड. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचंच जातंय," मी म्हणालो.

साहेबाने दुसऱ्यांदा बॉल ठेवला. आता तो लाल झाला होता. या वेळी त्याने खरंच मारला, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. म्हणजे जन्मात पहिल्यांदा तो फुटबॉल खेळला. बॉल उजवीकडे आला, उंच. मी उडी मारली. निखळून वाकडं बसलेलं माझं बोट बॉलला लागलं, बॉल खांबाला घासून बाहेर गेला. बँडवाले माझ्याकडे बघत उभे राहिले. वाजवायचं की नाही ते त्यांना कळेना. दोरीपलीकडून कुणीतरी शिट्टी मारली. एकच.

सोमवारी पर्सोनेल ऑफिसरकडे गेलो. तोच कागद टेबलावर. सही नव्हती. शेजारी कोरा कागद आणि पेन.

"साहेब मोठ्या मनाचे आहेत," तो म्हणाला. "लिहून द्या. अंदाज चुकला, बॉल चुकून हातात आला, माफी असावी. दोन ओळी. मी आत्ता सही घेऊन येतो."

मी उभाच होतो. तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या लोकांना संधी मिळत नाही म्हणता. मिळाली की अशी घालवता. जरा वाकलं तर काय झिजतं?"

खरं सांगतो, त्या सेकंदापर्यंत माझा निश्चय नव्हता. सिमेंटची जमीन डोळ्यांपुढे होती. पण हा माणूस मला सांगत होता की मी जे आयुष्यात सगळ्यात चांगलं करतो, ते चुकून झालं असं लिहून दे. आम्ही चांगलं केलं की चूक, आणि वाकलो की शिक्षण.

मी पेन घेतलं. लिहिलं, "बॉल मी अडवला. दोन्ही वेळा मुद्दाम अडवला. तेच माझं काम आहे." खाली सही केली. पूर्ण आडनावासकट, सुट्या, मोठ्या अक्षरांत.

त्याने वाचलं. माझा गेटपास मागितला. मी दिला.

पुढे सातपूरच्या एकाही कारखान्याने मला घेतलं नाही. एकमेकांना फोन होते त्यांचे. लासलगावला कांद्याच्या गोण्या भरल्या. मॅचपुरता कुणी बोलावलं तर मनमाडला, मालेगावला जाऊन खेळलो, गुडघा गेला तोवर. घराची जमीन शेणाचीच राहिली. जोसेफ भेटला की मान वळवायचा. कंपनीने फुटबॉलची मॅचच बंद केली म्हणे, साहेबासाठी लिंबू-चमचा ठेवली. तीही तोच जिंकतो. जिंकू दे. चमचा त्याला शोभतो.

आता मी देवळालीत वस्तीतल्या पोरा-पोरींना खेळ शिकवतो. माझी टीम शिल्ड मारत नाही, आणि मारली तरी ठेवायला कपाट नाही. नियम एकच. ज्याची लेस त्याने बांधायची. बोट मोडलेलं असलं तर लेस न बांधता खेळा, बूट काढून खेळा, पण दुसऱ्याच्या पायाशी बसायचं नाही आणि कुणाला बसवायचं नाही.

पाय पुढे करणारे अजून आहेत. माझ्यापुढेही येतील. मी गुडघा टेकणार नाही, आणि बुटाकडे तर बघणारच नाही. सरळ तोंडाकडे बघेन आणि सांगेन, वाक. तुझा बूट आहे.