कापराच्या वासाचा बिल्ला

दयाराम कापगत्यांचं नाक हुडको वसाहतीत प्रसिद्ध होतं. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, हे जुन्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांच्या नादी लागले. शाळांचे, स्पर्धांचे, संमेलनांचे बिल्ले. घरात बारा डबे भरले होते. अस्सल कोणता नि नक्कल कोणती, हे ते वासावर सांगत. जुनं प्लास्टिक, म्हणजे सेल्युलॉइड, अंगठ्याने खसाखसा घासलं की त्याला कापराचा वास सुटतो, आजच्या प्लास्टिकला सुटत नाही. विद्या एवढीच, पण तिच्यावर दयारामजींचा सगळा रुबाब चालायचा.

पंचाईत अशी, की ते नाक करोनात गेलं ते परत आलंच नाही. फोडणी जळाली तरी त्यांना पत्ता नसे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! जेवायला बसताना "काय वास सुटला!" म्हणायला ते एक दिवस चुकले नाहीत. कोणी बिल्ला आणला की म्हणायचे, "दोन दिवस ठेवून जा, निवांत पाहतो." मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोची परीक्षा घेत असल्यासारखं विचारायचे, "सांग बरं रमा, कशाचा वास येऊन राह्यला याले?"

रमाबाई हुंगून सांगायच्या. "शाब्बास!" म्हणून हे बाहेर निकाल द्यायला मोकळे. चार वर्षं असं बिनबोभाट चाललं.

त्या रविवारी नेहरू नगरला संग्राहकांची बैठक होती. जामुलच्या सिमेंट कारखान्यातला इंजिनियर अभिनव एका व्यापाऱ्याला घेऊन आला. व्यापाऱ्याकडे नागपूरच्या हॉकी स्पर्धेचा बिल्ला होता, साल १९५१. त्याच्या बदल्यात अभिनव आजोबांनी जमवलेले वीसच्या वीस बिल्ले द्यायला निघाला होता.

"अंकल, तुम्ही फक्त हो म्हणा. फिर बात पक्की."

"घरी नेऊन पाहतो ना."

"यांची पाचची गाडी आहे, अंकल. अभी बोलो."

दयारामजींनी बिल्ला घासला, हुंगला. काहीच नाही. शेजारचे मात्र हुंगून माना डोलावत होते, "कापूर! एकदम कापूर!" नुसतं 'अस्सल' म्हटलं की सुटका होती. शब्द जिभेवर आलाही होता. पण समोर अभिनवच्या मांडीवर आजोबांचा डबा होता, आणि त्या आजोबांसोबत, नत्थूजींसोबत, दयारामजींनी बावीस वर्षं एका पाळीत काम केलं होतं.

"मले वासच येत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाले. पारख माही नाही, आमच्या घरच्यांची आहे. तिले आणा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

अभिनवने स्कूटी काढली आणि रमाबाईंना सगळं सांगून घेऊन आला. त्यांनी बिल्ला पुढून हुंगला, मग उलटा करून मागची पिन हुंगली.

"पिनेलेही कापराचा वास? लोखंडाले कदी कापूर सुटते का जी? देवघरातल्या डबीत ठेवला असन कोणी." त्यांनी बिल्ला थर्मासमधल्या गरम पाण्यात धुतला, पुसला, घासला आणि अभिनवच्या नाकाशी धरला. "आता पाहा. अस्सल असन त पुन्हा सुटन."

वास साफ गेला होता. व्यापाऱ्याला एकाएकी गाडीची आठवण झाली. अभिनवने डबा छातीशी धरला.

मग काय, सगळे आपापले बिल्ले घेऊन रमाबाईंभोवती जमले. दयारामजी थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतून द्यायला बसले. गर्दी जरा हलली तेव्हा रमाबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे माह्या फोडणीचा वासही येत नाही तुमाले?"

"नाही."

"मंग रोज काय वास सुटला, काय वास सुटला, म्हणून राह्यले ते?"

"पह्यले येत होता ना," दयारामजी वाटीकडे पाहत म्हणाले. "आठवून आठवून म्हणत होतो."

रमाबाईंनी पुढचा बिल्ला नाकाशी नेला. पण डोळ्यांबरोबर नाकही भरून आलं होतं, आणि बराच वेळ त्यांनाही कशाचा वास येईना.