आधी शेवटचं कडवं

गाडी पुलावर आली आणि डाव्या हाताला काशीचे घाट दिसले. डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. मी टेपरेकॉर्डरची पिशवी सांभाळत बसले होते.

कॉलेजच्या कामासाठी मला सुरबाला दासी यांची मुलाखत घ्यायची होती. भटियाली (पूर्व बंगालमधल्या नावाड्यांची गाणी) गाणाऱ्या या बाई एकेकाळी रेडिओवर सारख्या ऐकू येत. आता त्या काशीतल्या बंगाली टोल्यात (मोहल्ल्यात) विधवांच्या एका घरात राहतात, असं मामीनं कळवलं होतं. मामी ब्रह्मा घाटावर राहते. तिनं गेल्या गेल्या गरम कचौडी पुढे ठेवली.

"त्यांना दमा आहे, गायला सक्त मनाई आहे. आणि तू अशी गुमसुम! विचारणार काय?"

"प्रश्न लिहून आणलेत."

"घ्या! इंग्रजी शाळेत बोलणंपण कॉपीत (वहीत) लिहून देतात वाटतं!"

दुसऱ्या दिवशी बंगाली टोल्याच्या गल्ल्यांत मी हरवले. कुणाला विचारवेना. शेवटी पानवालाच म्हणाला, "बिटिया, तीन फेरे हो गए. अब पूछ भी लो."

सुरबाला दासींची खोली ओलसर होती. एक खाट, एक ट्रंक. "आय मा, बोश," (ये पोरी, बस) म्हणत त्यांनी मोहरीचं तेल लावलेली मुडी (मुरमुरे) वाटीत दिली. तिखट तेल नाकात गेलं. मी वही उघडली, पण त्या माझ्या प्रश्नांसाठी थांबल्या नाहीत. मोडक्या हिंदीत बोलत राहिल्या.

नदीकाठच्या त्यांच्या गावात गगन माझी नावाचा नावाडी होता. गाणी त्यानं रचली, त्यानंच त्यांना शिकवली. फाळणीनंतर दोघं वेगवेगळ्या वाटांनी कलकत्त्याला आले. सुरबालांना रेडिओ मिळाला, मग रेकॉर्ड. रेकॉर्डच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावत. गाणं लांब झालं, म्हणून कंपनीच्या माणसानं शेवटचं कडवं कापलं. आपल्या अभंगात शेवटी संताचं नाव येतं, तसं त्या कडव्यात गगनचं नाव होतं. बंगालीत त्याला भणिता म्हणतात. रेकॉर्डवर छापून आलं, 'पारंपरिक'.

"मी हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांची होते. माझं नाव व्हायला हवं होतं ना."

"आणि गगन माझी?"

"चहाच्या दुकानात ऐकलं त्यानं. घरी आला. 'आमार नामटा कोथाय?' (माझं नाव कुठे?) एवढंच विचारलं. परत कधी आला नाही."

पुढे प्रत्येक कार्यक्रमात लोकांनी तेच गाणं मागितलं, रेकॉर्डवर होतं तसंच. गगन वारला. त्याची मुलगी नवद्वीपला असते. पूर्ण गाणं तिच्याकडे जावं, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

"यंत्र लाव, मा."

"माशीमा (मावशी), डॉक्टर नको म्हणालेत."

"डाक्टर को गाना आता है क्या?"

मी बटण दाबलं. त्या म्हणाल्या, "उलटं गाते. भणिता आधी गात नाहीत, दोष लागतो. पण दम कुठे संपेल कोण जाणे."

त्यांनी आधी शेवटचं कडवं गायलं. उजवा हात मांडीवर वल्ह्यासारखा पुढेमागे होत होता. गगनचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते इतकं लांबवलं की माझाच श्वास अडकला. मग थोडं थांबून पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात खोकला आला. मी यंत्र बंद करायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हळूहळू श्वास परत आला, सूर आला नाही.

"आधी गाणं होतं, नाव नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता नाव आहे, गाणं अर्धं."

कॅसेटच्या चिठ्ठीवर त्यांनी मला लिहायला लावलं, 'गीत : गगन माझी'.

"आणि गायिका?"

"जगह बची तो."

जागा भरपूर होती. खाली बारीक अक्षरांत मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी पाहिलं आणि कॅसेट माझ्या हातात दिली. त्याच दुपारी मी ती रजिस्टर पोस्टानं नवद्वीपला पाठवली. कॉलेजला दाखवायला माझ्याकडे फक्त वही उरली.

नागपूरला परतल्यावर महिन्याभरानं एक कार्ड आलं. शेजारच्या बंगाली काकूंनी वाचून दाखवलं : टेप पोचली. बाबांचं नाव स्पष्ट ऐकू येतं.

सुरबालांबद्दल एक शब्दही नव्हता. यात क्षमा आहे की नुसती पोच, हे मला कळलं नाही, आणि ते मी ठरवूही नये. कार्डाचा अर्थ हिंदीत लिहून तो कार्डासकट मी मामीला पाठवला, सुरबालांजवळ बसून वाचून दाखव म्हणून.