बिनडोक्याचा बैल

आमच्या घरी कॉम्प्युटरवर दिसलेला पहिला बैल बिनडोक्याचा होता आणि तो मी काढलेला होता.

त्याचं असं झालं. पुण्याला अकरा महिने कॉम्प्युटरचा कोर्स करून मी चोपड्याला परत आलो, ते एक छोटा कॉम्प्युटर बगलेत मारूनच. त्या वेळी असले कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे. अँटेनाची वायर काढायची, तिथं याची खुपसायची, आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्रॅम चढवायचा. (चढताना असा कर्कश्श आवाज यायचा की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची!)

मला गावात कॉम्प्युटर क्लास काढायचा होता. त्यासाठी रस्त्यावरची आमची खोली हवी होती. पण शेजारच्या नानांना त्याच खोलीत खताचं दुकान टाकायचं होतं, आणि नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, लहानपणापासूनचे दोस्त! शेवटी आबा म्हणाले, "पोळ्याले तुना डब्बा काय करस ते दखाड. मंग सांगसू." (म्हणजे, पोळ्याला डबा चालवून दाखव, मग सांगतो.)

मी डबा घेऊन परत पुण्याला मित्राकडे गेलो आणि तीन आठवडे खपून आमच्या सर्ज्या बैलाचं चित्र प्रोग्रॅममध्ये बसवलं. शिंगं, वशिंड, गोंडे, सगळं! त्याच्या टीव्हीवर सर्ज्या अगदी ऐटीत उभा राहिला होता.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैल मिरवून आले, पुरणपोळ्या झाल्या, आणि आबा, नाना बैठकीत येऊन बसले. मी बटण दाबलं. आधी पाय आले, मग पोट आलं, मग वशिंड आलं. आणि बैल तिथंच संपला! डाव्या बाजूला डोकं नाही, उजव्या बाजूला शेपूट नाही.

आबा पुढे सरकले. "यानं डोकं कोठे शे?"

"येतंय, आबा. जरा वेळ लागतो."

पाच मिनिटं झाली, डोकं काही आलं नाही. पोळ्याच्या दिवशी घरात मुंडकं नसलेला बैल! नानांनी हळूच "राम राम" म्हटलं.

"बाळू, मी काय म्हणते," दारातून अक्का बोलली. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी आत्या. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही, पण घरात तिच्या परवानगीशिवाय दूधसुद्धा उतू जायचं नाही.

"अक्का, थांब गं! हे टेक्निकल आहे!"

मी टीव्हीच्या मागं गेलो, कापड वर सारलं आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला. मागं एक छिद्र होतं, त्यातून चित्राची उंची कमी-जास्त व्हायची. रुंदीचं छिद्र मात्र सापडेना. म्हटलं, आहे त्यावर भागवू. आतला स्क्रू एक वेढा फिरवला.

"आते उंट व्हई ग्या!" नाना ओरडले.

उलटा फिरवला.

"आते मुंगूस!"

"बाळू, ऐक तर," अक्का.

"अक्का, दोन मिनिटं!"

मग म्हटलं, बैलच लहान करू. प्रोग्रॅममधले आकडे घाईघाईनं बदलले, घामानं बोटं घसरत होती. बैल लहान झाला, तो डावीकडे सरकून निम्मा गायब झाला! आबांनी चष्मा पुसला. "हाऊ बैल शे का बकरा?"

नाना उठलेच. "जाऊ दे रे पोरा. खताचं पोतं कसं, ठेवलं की बठ्ठं दिसतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत." आबांनी नकारार्थी मान हलवली. ती खोली, तो क्लास, ते तीन आठवडे, सगळं त्या मुंडक्यापायी गेलं! मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात अक्का पदर खोचून पुढं आली. तिनं टीव्हीच्या तोंडावरचे दोन गोंडे सोडले आणि झूल उचलली.

हो, झूल! आमच्याकडे पोळ्याला बैलांबरोबर टीव्हीलाही नवी झूल शिवायची अक्काची पद्धत होती. आरशाआरशांची, पुढं काचेपुरती खिडकी कापलेली. मी पाठीमागनं ती दहा वेळा वर केली, पण पुढून तिच्याकडे बघायचं मला सुचलंच नाही. जणू टीव्ही तिच्यासकटच जन्मला होता!

"औंदा कापड कमी पडलं, खिडकी दोन्हीकडून चार-चार बोटं बारकी झाली," अक्का म्हणाली. "तेच कधीचं सांगतेय. आता ते मागचं छिद्र होतं तसं कर, नि पहिला बैल आण."

मी निमूट मागचा स्क्रू जागेवर आणला, कॅसेट परत लावली. म्हैस ओरडली. आणि सर्ज्या आला! शिंगांपासून शेपटापर्यंत, डाव्या कडेला नाक टेकवून. आबा उठले. देवघरात गेले, कुंकवाची कोयरी घेऊन आले आणि काचेवर, बरोबर सर्ज्याच्या कपाळावर, बोट टेकवलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

"नाना, खताले दुसरी जागा दखू आपण," आबा म्हणाले. आणि नानांनीही, मोठ्या मनाचा माणूस, माझ्या पाठीवर थाप मारली.

क्लास उभा राहिला, त्यावर माझं घर उभं राहिलं. आबा, नाना, अक्का, तिघांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पाटी रंगवणाऱ्यानं माझं नाव ठसठशीत लिहिलं. पण आबांनी त्याच्याकडून खाली एक ओळ वाढवून घेतली: 'अडचण आल्यास अक्कांना विचारावे.'

ती ओळ मी कधी पुसली नाही. विचारायला जाणाऱ्यांत पहिला नंबर माझाच असायचा!